सॉन्सी चेहऱ्याचं भलं होवो

१७८७ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याने लंडनच्या डॉक्टर जॉन मूरना एक लांबलचक पत्र लिहिलं. स्वतःची सगळी कुळकथा त्यात आहे. बर्न्स तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. वर्षभरापूर्वी किल्मार्नॉकच्या छापखान्यातून त्याच्या कवितांचं पहिलं पुस्तक निघालं होतं, ६१२ प्रती, किंमत तीन शिलिंग. त्या पुस्तकाच्या जोरावर एडिनबराच्या बड्या दिवाणखान्यांमधून या शेतकरी कवीची मिरवणूकही निघून झाली होती. पत्र इंग्रजीत आहे आणि इंग्रजी चांगलं घोटलेलं आहे. पण एका जागी गाडं अडतं. बर्न्सच्या मुलखात सुगीत एक बाप्या आणि एक बाई अशी कामाची जोडी लावून देत. पंधराव्या वर्षी बर्न्सच्या जोडीला आलेली मुलगी त्याच्याहून वर्षभराने लहान होती. तिचं वर्णन करायला माझं इंग्रजी अपुरं पडतं, असं तो म्हणतो, आणि मूरना आठवण करून देतो की आपली स्कॉच बोली तुम्हाला ठाऊकच आहे, तर ती होती 'अ बॉनी, स्वीट, सॉन्सी लास'.

इंग्रजी अपुरं पडण्यात थोडं नाटक आहे, कारण पुढच्या मागच्या पानांवर ते कुठेच अपुरं पडत नाही. पण मूर मूळचे स्टर्लिंगचे, म्हणजे स्कॉटलंडचेच. लंडनला जाऊन राहिलेल्या आपल्या माणसाला आपण मधूनच गावचा एखादा शब्द टाकून बोलतो तसा हा प्रकार. तीनपैकी 'स्वीट' तर इंग्रजीच. 'बॉनी' म्हणजे देखणी, छान. तो शब्दही लंडनला परका नव्हता. अडलं असेल तर ते 'सॉन्सी'पाशी.

आणि लगेच पुढे तो जे सांगतो ते मला फार आवडतं. दिवसभराचं काम उरकून संध्याकाळी परतताना आपण तिच्याबरोबर मागे का रेंगाळायचो, आणि तिच्या हातात रुतलेली खाजऱ्या पाल्याची कुसं नि काटे काढताना आपली नाडी अशी का ठणठणायची, हे म्हणे त्याला तेव्हा कळत नव्हतं. ही मुलगी म्हणजे नेली. तिला एक नाचाचं गाणं आवडायचं, त्याच चालीवर बर्न्सने शब्द बसवले आणि ते त्याचं आयुष्यातलं पहिलं गाणं ठरलं. गंमत अशी की त्या गाण्यात काटेही नाहीत आणि 'सॉन्सी'ही नाही. तिथे आहे शालीनता, निरागसपणा, नीटनेटका पोशाख, डाग नसलेली अब्रू. बॉनी मुलगी डोळ्यांना बरी वाटते हे कबूल, पण त्याहून बरे गुण अंगी नसतील तर ती माझ्या कामाची नाही, असं पंधरा वर्षांचा हा पोरगा गंभीरपणे बजावतो. वाचताना हसू येतं. या वयात मुलगी आवडली की मुलं एकतर चिडीचूप होतात नाहीतर प्रवचन देतात. खरी नेली दिसायला तेरा वर्षं जावी लागली, आणि ती दिसली गाण्यात नाही, एका पत्रातल्या अर्ध्या ओळीत.

मग सॉन्सी म्हणजे काय?

स्कॉट्स, म्हणजे बर्न्सची ती बोली, तिच्या कोशात पाहिलं तर अर्थांची रांगच लागते. शकुनाची, भाग्य घेऊन येणारी. मोकळ्या स्वभावाची, हसतमुख. भरल्या अंगाची, देखणी. मूल असेल तर गुटगुटीत. जनावर असेल तर धष्टपुष्ट आणि गरीब, म्हणजे लाथ न मारणारं. वस्तू असेल तर ऐसपैस. आकर्षक माणसाला लावायच्या शब्दाच्या पोटात एवढं सगळं कसं आलं हे समजायला मुळाशी जावं लागतं. गेलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या दुसऱ्या जुन्या भाषेत, 'सोनस' म्हणजे सुख, सौभाग्य. त्याच्या उलट 'डोनस', म्हणजे दुर्भाग्य, आणि अगदी सैतानही. स्कॉट्सने सोनसवरून 'सॉन्स' केला, सॉन्सवरून 'सॉन्सी'. डोनसवरून 'डॉन्सी' आला असं मानतात: कमनशिबी, खोडकर, आजारी. आणि 'अनसॉन्सी' म्हणजे अपशकुनी.

आपल्याकडच्या शब्दांत 'पायगुण' याच्या सगळ्यात जवळ येतो. आणि स्कॉटलंडमध्ये पाय खरोखरच मोजतात. हॉगमने, म्हणजे ३१ डिसेंबरची रात्र सरून बाराचे टोले पडले की घराचा उंबरा पहिल्यांदा कोण ओलांडतं याकडे लक्ष असतं. त्याला 'फर्स्ट फुट' म्हणतात. उंच, काळ्या केसांचा पुरुष, हातात कोळसा किंवा फळांचा केक किंवा व्हिस्की, असा आला तर वर्ष चांगलं जाणार. सोनेरी किंवा लाल केसांचा आला की जुन्या माणसांची तोंडं उतरत. आमच्या घरी काळ्या केसांचा पुरुष आयताच असल्यामुळे त्या रात्री नवऱ्याला आजूबाजूच्या घरांतून मागणी असते. आम्ही राहतो त्या, स्कॉटलंडच्या नैऋत्येतल्या आयरच्या किनाऱ्यावर जानेवारीतल्या मध्यरात्री जो वारा सुटतो त्यात कोळशाचा तुकडा हातात घेऊन दारोदार फिरायचं, हा सन्मान त्याला तितकासा रुचत नाही.

तर मुळात भाग्य. पण भाग्याचा देह कसा झाला? याचं उत्तर मला एका राजाच्या मरणात सापडलं.

मार्च १२८६. स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर एडिनबराच्या किल्ल्यात दरबाऱ्यांबरोबर जेवला आणि वादळी रात्री, सगळे नको नको म्हणत असताना, फोर्थची खाडी ओलांडून नव्या राणीकडे निघाला. फाइफच्या किनाऱ्यावर अंधारात बरोबरच्या माणसांपासून त्याची चुकामूक झाली आणि सकाळी किंगहॉर्नजवळ तो मान मोडून मेलेला सापडला. वारस म्हणून उरली नॉर्वेतली लहानगी नात, तीही चार वर्षांनी गेली, आणि पुढे इंग्लंडशी झालेल्या लढायांनी देश होरपळला. या मरणावर आठ ओळींचा एक विलाप आहे. स्कॉट्समधल्या सगळ्यात जुन्या कवितांत तो मोजतात. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला विंटनच्या अँड्र्यूने आपल्या बखरीत उतरवून ठेवला म्हणून तो वाचला. राजा गेला तेव्हा काय गेलं याची तिथे यादी दिली आहे, आणि तिसऱ्या ओळीत शब्द आहेत 'सॉन्स ऑफ एल अँड ब्रेड'. एल म्हणजे तिथली बिअर. एलची आणि भाकरीची सुबत्ता गेली. मग दारू, मेण, खेळ, हसणंखिदळणं. आपलं सोनं बदलून शिसं झालं.

सोनसचं सौभाग्य इथे ताटात उतरलेलं आहे. भाग्य म्हणजे काय तर घरात भाकरी आहे, पिंपात एल आहे. तिथून पुढचं पाऊल सोपं आहे: ज्याच्या घरात सॉन्स ते माणूस सॉन्सी, आणि ते चेहऱ्यावर दिसणारच. गाल वर येणार, हात भरणार. ज्या देशात ओटचं पीक एक वर्ष बुडालं की पुढचं वर्ष जीव मुठीत धरून काढायचं, तिथे गोल चेहरा पाहून लोकांना बरं वाटणं यात नवल काही नाही. नुसतं सुंदर दिसण्यापेक्षा ते जास्त काही सांगत होतं. या घरात गेलं तर उपाशी परत यावं लागणार नाही, हे सांगत होतं.

बर्न्सच्या घरात ते नव्हतं. माउंट ऑलिफंट नावाचं सत्तर एकरांचं शेत त्याच्या बापाने खंडाने घेतलं, आणि जमीन अशी नापीक की राबून राबून हाती काही लागेना. धाकटा भाऊ गिल्बर्ट याने पुढे लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं खाटकाचं मटण आमच्या घराला अनोळखी होतं. रॉबर्ट तेरा वर्षांचा असताना मळणीला आणि पंधराव्या वर्षी घरचा मुख्य गडी. वाढीच्या वयात त्या कामाने त्याची पाठ वाकली, हृदय कायमचं अधू झालं, आणि सदतिसाव्या वर्षी तो गेला. नेली त्याला भेटली ती याच शेतावर, याच वयात. सॉन्सी हा शब्द त्याने तिला का लावला असेल, हे या उपाशी पोराच्या डोळ्यांनी पाहिलं की थोडं उलगडतं.

आज मात्र हा शब्द जगभर माहीत आहे तो कुठल्याही बाईमुळे नाही. मेंढीच्या पोटामुळे माहीत आहे.

हॅगिस कशाचं बनतं हे वजडी खाणाऱ्या मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, आणि न खाणाऱ्याला समजावून उपयोग नसतो. मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुस शिजवून बारीक करायचं, त्यात ओटचा भरडा, चरबी, कांदा, भरपूर मिरी घालायची, आणि हे सारण मेंढीच्याच धुतलेल्या पोटात भरून, तोंड शिवून, तासन्‌तास उकळायचं. गरिबाचं खाणं. चांगलं मांस ज्याच्या नशिबात त्याच्या घरी जाणार, उरलेल्यातून हे. बर्न्सने १७८६ च्या अखेरीस त्यावर एक स्तोत्रच लिहिलं. दरवर्षी २५ जानेवारीला, त्याच्या वाढदिवसाला, स्कॉटलंडभर आणि जगात जिथे जिथे स्कॉट माणूस पोचलाय तिथे ते म्हटलं जातं. ही प्रथा पडली १८०१ मध्ये, मात्र तेव्हा वाढदिवसाला नाही. त्याच्या नऊ मित्रांनी तो गेला त्या तारखेला, जुलैत, अ‍ॅलोवेतल्या त्याच्या जन्मघरी जेवण केलं होतं. जेवायला हॅगिस आणि मेंढीची मुंडी.

आमच्या भागातल्या हॉलमध्ये दरवर्षी होणारा हा कार्यक्रम मी पाहते. बॅगपाइपवाला पुढे, मागे थाळीत हॅगिस घेतलेली आचारीण, तिच्यामागे व्हिस्कीची बाटली उंच धरलेला कुणीतरी, आणि सगळे उभे राहून तालात टाळ्या वाजवतात. थाळी टेबलावर येते. करड्या रंगाचा, ताणलेल्या कातडीचा, घामेजलेला गोळा. ज्याच्याकडे म्हणायचं काम असतं तो एरवी शाळेच्या बसचा ड्रायव्हर आहे. तो थाळीसमोर वाकतो, हात पसरतो आणि त्या गोळ्याच्या नजरेला नजर देऊन सुरू करतो: 'फेअर फा युअर ऑनेस्ट, सॉन्सी फेस, ग्रेट चीफ्टन ओ द पुडिन-रेस!' तुझ्या त्या सच्च्या, सॉन्सी चेहऱ्याचं भलं होवो, हे समस्त पुडिंगकुळाच्या सरदारा! आतडी, कोथळे यांच्या सगळ्या पंगतीत वरचा पाट तुझा.

'फेअर फा' म्हणजे तुझं भलं होवो. म्हणजे ओळ आशीर्वादाने सुरू होते आणि चार शब्दांत सॉन्सीवर येते. जुना शकुन आणि नवा गुबगुबीतपणा, दोन्ही अर्थ त्या एका ओळीत आहेत. दुसऱ्याच कडव्यात बर्न्स चेहऱ्यावरून थेट ढुंगणावर उतरतो. थाळी भारानं कण्हतेय आणि तुझे कुल्ले दूरच्या टेकडीसारखे, असं. ड्रायव्हरसाहेब इथे हाताने टेकडी काढून दाखवतात, आणि पुढच्या रांगेतल्या बायका दरवर्षी तितक्याच हसतात. मग सुरी बाहीला पुसायची, आणि 'कट यू अप' म्हणताना एका झटक्यात कातडीत घुसवायची. वाफेचा भपकारा येतो. मिरीचा वास, चरबीचा वास. आतलं सारण सुरीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर लोटतं. बर्न्सने याला 'वॉर्म-रीकिन, रिच' म्हटलंय, आणि त्या वासापुढे त्याहून नेमके शब्द मला सुचत नाहीत.

या हास्यविनोदात कवितेचा उत्तरार्ध बरेचदा हरवतो. तिथे बर्न्स चांगलाच चावरा होतो. फ्रेंच रागू आणि फ्रिकासी खाणाऱ्या साहेबाकडे बोट दाखवून म्हणतो, पाहा हा बिचारा, सुकलेल्या लव्हाळ्यासारखा, काडीचे पाय, नखाएवढी मूठ. आणि हॅगिसवर वाढलेला खेडूत पाहा, चालला तर जमीन हादरते. शेवटी देवांकडे मागणं की स्कॉटलंडला वाडग्यात डचमळणारं पाणचट कालवण नको, तिला हॅगिस द्या. सॉन्सी हा शब्द तिथे गंमत म्हणून आलेला नाही. एडिनबराच्या ज्या टेबलांवर त्याला नुकतंच बसवू लागले होते त्या टेबलांवरच्या सौंदर्याच्या कल्पनेला हे त्याचं उत्तर आहे, असं मला वाटतं. बारीक, निमुळतं, परदेशी ते सुंदर, हे तुमचं. आमचा हा.

बर्न्सने सॉन्सी आणखी कुणाकुणाला म्हटलंय हे पाहत गेले तेव्हा मला मजा वाटली. 'दोन कुत्रे' या कवितेत लुआथ आहे. शेतकऱ्याचा कुत्रा, 'ऑनेस्ट, सॉन्सी' तोंडाचा, कपाळावरून खाली पांढरा पट्टा, आणि त्या तोंडामुळे जाईल तिथे त्याला मित्र मिळायचे. ऑनेस्ट आणि सॉन्सी ही हॅगिसचीच विशेषणं, त्याच क्रमाने. लुआथ हा बर्न्सचा खराच कुत्रा होता. बर्न्सचा बाप वारला त्याच्या आदल्या रात्री कुणीतरी दुष्टपणाने या कुत्र्याला मारलं.

आणि तिसरी आहे मॅगी, एक म्हातारी घोडी. नव्या वर्षाच्या सकाळी तिचा म्हातारा मालक ओंजळभर ओटच्या लोंब्या घेऊन तिच्याकडे जातो. पोळ्याला बैलाच्या तोंडाशी पुरणपोळी धरावी तसं हे. पण तो नुसतं खायला घालत नाही, गप्पा मारतो. एकोणतीस वर्षं झाली, तू माझ्या सासऱ्याची घोडी होतीस, त्याने तुला आंदण म्हणून दिलं. मी जेनीला मागणी घालायला जायचो तेव्हा तू आईच्या मागे दुडदुडत होतीस. खट्याळ होतीस, लबाड होतीस, पण डॉन्सी कधीच नव्हतीस. घरेलू, शांत, आणि 'अंको सॉन्सी', म्हणजे फारच सॉन्सी. डॉन्सी आणि सॉन्सी, दोन गेलिक सख्खी भावंडं, इथे यमकाला समोरासमोर उभी केलीत. पुढच्याच कडव्यात वरात निघते. घोडीवर बसून नवरी घरी येते, आणि नवरीला शब्द आहे 'बॉनी'.

नवरी बॉनी, घोडी सॉन्सी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नवरीच्या बाजूने थोडा राग आला होता, की चांगला शब्द घोडीला दिला. आता वाटतं की म्हाताऱ्याचं बरोबर आहे. बॉनी त्या एका दिवसाचं आहे. सॉन्सी म्हणायला एकोणतीस वर्षं नांगर ओढावा लागतो, चिखलातून गाडी काढावी लागते. हॅगिस, कुत्रा, घोडी, आणि सुगीतली जोडीदारीण: लांबून पाहण्याच्या गोष्टी यात एकही नाही. खाल्लेलं, पाळलेलं, बरोबर राबलेलं.

आता या शब्दाची दूरची बहीण पाहा. ती मात्र फार लांब गेली, इतकी की आपल्या घरात रोज असते आणि ती स्कॉट आहे हे कुणाला माहीतही नसतं. ग्लॅमर. सिनेमाच्या पुरवणीत, दागिन्यांच्या जाहिरातीत, 'तिचा ग्लॅमरस अंदाज' या मथळ्यात. हा शब्द मुळात 'ग्रामर'चा, व्याकरणाचा, स्कॉट अपभ्रंश. अडाणी लोकांना पोथी वाचणारा माणूस म्हणजे मंत्रतंत्र जाणणारा, म्हणून ग्रामर म्हणजे जादू, आणि जिभेवर र चा ल होऊन ग्लॅमर. बर्न्सने हे दोन्ही शब्द एका यमकात पकडलेत: जिप्सींचं ग्लॅमर आणि नरकाचं काळं ग्रामर. पण ही कुठली जादू? वॉल्टर स्कॉटने १८०५ मध्ये आपल्या एका दीर्घकाव्याच्या टिपेत स्पष्ट सांगितलंय: बघणाऱ्याच्या डोळ्यांवर पडणारी भूल, ज्याने वस्तू असते त्याहून अगदी वेगळी दिसते. त्याच काव्यात उदाहरणंही आहेत. कोठडीतली कोळिष्टकं दिवाणखान्यातले जरीचे पडदे वाटतात, अक्रोडाचं टरफल सोन्याची नाव वाटतं, धनगराची झोपडी महाल वाटते, म्हातारपण तारुण्य. सगळा भास, खरं काही नाही.

मराठीत याला सरळ शब्द आहे: नजरबंदी. जत्रेतला गारुडी करतो ती. विसाव्या शतकात हॉलिवूडने हा शब्द उचलला आणि जाहिरातदारांनी जगभर पोचवला, आणि त्यात त्यांनी अर्थाचा विपर्यास केला असं मला मुळीच वाटत नाही. तासभर मेकअप, तीन दिवे, एक पंखा आणि वर संगणकावरची सफाई, याला स्कॉटच्या टिपेतला अर्थ जसाच्या तसा लागू आहे.

सॉन्सीला असा प्रवास जमला नाही, आणि जमला नसताच. छायाचित्रात सॉन्सी दिसत नाही, जाड दिसतं.

आमच्या शेजारच्या आजीबाई आयुष्यभर गाईंच्या गोठ्यात राबलेल्या. आयरशायरच्या तांबड्या-पांढऱ्या गाई नावाजलेल्या आहेत, आणि आजीबाईंचे हात अजून त्या कामाचे आहेत. लेक झाली तेव्हा मी तिला घेऊन पहिल्यांदा बाहेर पडले, तर त्या फाटकाशी आल्या. 'हेन' म्हणाल्या मला. ग्लासगोपासून इकडे सगळ्या बायकांना हेन म्हणतात, म्हणजे कोंबडी, आणि ते प्रेमाने असतं. मग बाबागाडीत वाकल्या, कोटाच्या खिशातून पन्नास पेन्सचं नाणं काढलं, लेकीची मूठ अंगठ्याने उघडली आणि त्यात ते ठेवलं. याला हॅन्सेल म्हणतात, शकुनाची पहिली भेट. दुकानातल्या पहिल्या विक्रीलाही हाच शब्द, आपली भवानी. मॅगी घोडीला मिळालेल्या लोंब्याही हॅन्सेलच होत्या. लेकीने मूठ आवळली. 'चिक्कू होणार ही,' आजीबाई म्हणाल्या, कारण नाणं घट्ट धरणारं बाळ पैसा सोडत नाही. मग तिचे गाल पाहून म्हणाल्या, 'ओ, शी'ज अ सॉन्सी वी थिंग,' आणि त्याला लागूनच, श्वास न घेता, 'ब्लेस हर.'

ते 'ब्लेस हर' सवयीचं नव्हतं. तिथल्या जुन्या समजुतीप्रमाणे आशीर्वादाशिवाय बाळाचं कौतुक केलं की बाळाला बाधतं. त्याला 'फोरस्पीक' करणं म्हणत. संध्याकाळी सांगलीला आईशी व्हिडिओवर बोलताना मी हे सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाई शहाणी आहे, पण तू मीठमोहऱ्या ओवाळून टाकच.

आजीबाईंच्या तोंडी हा शब्द अजून चालता आहे. त्यांच्या नातवंडांच्या तोंडी नाही. तरुण मुलं बॉनी म्हणतात, ब्रॉ म्हणतात, ग्लासगोकडे कुणी फारच देखणं असेल तर स्टोटर म्हणतात. सॉन्सी म्हटलं की त्यांना फक्त हॅगिस आठवतं. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा विचारलं तेव्हा स्कॉटलंडमध्ये पंधरा लाखांहून जास्त लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येतं असं सांगितलं. ही भाषा की इंग्रजीची बोली, हा वाद तिथे तितकाच जुना आणि तितकाच चिडका आहे जितका कोकणीबद्दल आपण घातला. २०२५ मध्ये एडिनबराच्या संसदेने कायदा करून गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा दिला. त्याने फलक बदलतील, शाळांत धडे येतील. सॉन्सी त्याने परत येईल असं मला वाटत नाही, कारण तो शब्द भाषेच्या दुर्लक्षामुळे मागे पडलेला नाही. पोटं भरली म्हणून मागे पडला. गाल वर आलेले दिसले की पूर्वी सुबत्ता दिसायची, आता डॉक्टरचा कागद दिसतो. त्याबद्दल फार गळा काढण्यात अर्थ नाही. माउंट ऑलिफंटच्या त्या पोराला विचारलं असतं तर त्याने शब्द देऊन मटण घेतलं असतं.

तरी वापर थोडा उरला आहे, आणि तिथे जाऊन राहणाऱ्याला त्याचे नियम माहीत असलेले बरे. हॅगिसला सॉन्सी म्हणावंच लागतं, त्यातून सुटका नाही. शाकाहारी असाल तरी नाही: एडिनबराच्या मॅक्स्वीन खाटकाने १९८४ मध्ये डाळी, भाज्या आणि ओटचं हॅगिस काढलं, ते दिसायला इतकं जुळं आहे की आमच्या हॉलमध्ये दोन्ही थाळ्या शेजारी ठेवून एकच कविता दोघांना लागू करतात, फक्त आतड्यांच्या कडव्याला ड्रायव्हरसाहेब शाकाहारी थाळीकडे बघून माफी मागतात. कुत्र्याला बिनधास्त म्हणा, मालक खूश होतो. गाईला, घोडीलाही चालतं. बाळाला म्हणायचं तर आधी खिशात नाणं आहे का पाहा आणि शेवटी 'ब्लेस' विसरू नका. मोठ्या बाईला मात्र, ती कितीही हसतमुख, कितीही पायगुणाची असली तरी, तुम्ही स्वतः ऐंशीच्या पुढच्या आणि आयरशायरमध्येच जन्मलेल्या असल्याशिवाय म्हणू नका. नवऱ्याने गेल्या वर्षी मला म्हणून पाहिलं. बर्न्सचा दाखलाही दिला, पत्राच्या तारखेसकट. मी त्याला घोडीची कविता वाचायला दिली.